लसूण : निषेध आणि महौषध

भावमिश्रानें सोळाव्या शतकांत रचलेल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथांत लसणीचीं जीं पर्यायनामें दिलीं आहेत, त्यांत ‘महौषध’ आणि ‘म्लेच्छकंद’ हीं दोन नांवें जवळजवळ आलेलीं आहेत. एका नांवांत वैद्याचा आदर आहे, दुसऱ्यांत धर्मशास्त्र्याचा तिटकारा आहे. आपल्या देशांत या एका कंदासंबंधानें या दोघांमध्यें जो वाद चालला व ज्या रीतीनें तो मिटविण्यांत आला, त्याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण ‘नैसर्गिक औषध’ या शब्दाची मोहिनी पडलेल्या आजच्या काळांत तो बोधप्रदहि आहे.

प्रथम निषेधाची बाजू पाहूं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण, कांदा इत्यादि पदार्थ द्विजांस अभक्ष्य ठरविले असून, जाणूनबुजून ते खाणारा पतित होतो असें म्हटलें आहे. पांचव्या शतकाच्या आरंभीं आलेला चिनी यात्रेकरू फाहियान लिहितो कीं, मध्यदेशांत चांडाळांखेरीज कोणी कांदा-लसूण खात नाहीं. सातव्या शतकांत ह्युएनत्संगानेंहि असाच प्रकार नमूद केला आहे. खाणाऱ्यास गांवाबाहेर घालवितात, असें तो सांगतो. बौद्धांच्या विनयग्रंथांतहि हा निषेध आहे, परंतु त्याचें कारण निराळें आहे. लसूण खाल्लेला एक भिक्षु, आपल्या वासानें इतरांस त्रास होऊं नये म्हणून धर्मोपदेशाच्या वेळीं दूर जाऊन बसला. ज्या पदार्थामुळें उपदेशास मुकावें लागतें तो खाऊं नये, असें बुद्धांनीं सांगितलें. मात्र पुढें सारिपुत्तास पोटांतील वाताची व्यथा झाली आणि पूर्वीं ती लसणीनें शमत असे असें त्यानें सांगितलें, तेव्हां रोग्यास लसूण खाण्याची मोकळीक देण्यांत आली. निषेधाला औषधाचा अपवाद जोडण्याची ही रीत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आपल्या महाराष्ट्रांत चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य करणारीं घराणीं आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, त्याच पदार्थांवर यथेच्छ ताव मारून घेतात. वर्ज्य पदार्थावरचें प्रेम लपत नाहीं, याचें हें घरगुती उदाहरण होय.

आतां वैद्यांची बाजू. १८९० मध्यें हॅमिल्टन बॉवर नांवाचा एक इंग्रज लेफ्टनंट, डॅलग्लीश नामक व्यापाऱ्याच्या खुन्याचा माग काढीत चिनी तुर्कस्तानांत हिंडत होता. कुचा येथें त्यानें भूर्जपत्रावर लिहिलेली एक जुनी पोथी विकत घेतली. ती कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीकडे आली, डॉ. हर्न्ले यांनीं ती वाचली, आणि १८९३ पासून १९१२ पर्यंत तिची आवृत्ति खंडशः प्रसिद्ध केली. आज ही पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहे. हर्न्ले यांनीं तिचा काळ चौथ्या शतकाचा उत्तरार्ध मानला होता. अलीकडील लिपितज्ज्ञ तो सहाव्या शतकापर्यंत खालीं आणतात. कसेंहि असलें, तरी वैद्यकावरील ज्या अत्यंत जुन्या भारतीय पोथ्या आज हातीं आहेत, त्यांपैकीं ही एक; आणि तिचा आरंभच लसणीच्या स्तुतीनें झाला आहे. पहिले ४३ श्लोक या एकाच कंदाचे आहेत.

त्यांतील कथा अशी. सुश्रुत काशिराजास लसणीविषयीं विचारतो. राजा सांगतो कीं, असुरानें अमृत प्याल्यावर जनार्दनानें त्याचें मस्तक छेदलें, त्याच्या कंठांतून अमृताचे बिंदु भूमीवर पडले, व त्यांपासून लसूण उत्पन्न झाली. असुराच्या शरीराशीं संबंध आला म्हणून ब्राह्मण ती खात नाहींत. अमृतापासून जन्म म्हणून ती रोग हरण करते. निर्णयसागर छापखान्यानें १९३८ मध्यें मुंबईस छापलेल्या काश्यपसंहितेंतील कथा याहून वेगळी आहे. तेथें इंद्राणीनें प्राशन केलेल्या अमृताचा अंश अपवित्र जागीं पडतो, आणि म्हणून ही वनस्पति रसायन होऊनहि दुर्गंधी राहते. भावप्रकाशांत गरुड अमृत घेऊन जात असतां थेंब गळतो. पात्रें बदलतात, पण अमृत आणि मलिनता यांचा मिलाफ कोठेंच सुटत नाहीं. ज्या पदार्थाचा गुण नाकारतां येत नाहीं आणि ज्याचा निषेधहि मोडतां येत नाहीं, त्याची संगति लावण्यासाठींच या कथा रचल्या गेल्या, हें उघड आहे.

संगति लावण्याचा दुसरा उपाय याहूनहि चतुर होता. बॉवरच्या पोथींत असें सांगितलें आहे कीं, गाईला तीन रात्रीं जवळजवळ उपाशी ठेवून मग दोन भाग गवत व एक भाग लसणीची पात असा चारा घालावा. तिचें दूध, दहीं, तूप अथवा ताक ब्राह्मणानें घेतल्यास रोगहि जातो आणि आचारहि राहतो. या तोडग्यास हंसणें सोपें आहे. परंतु त्यामागील निरीक्षण खोटें नाहीं. गाईच्या चाऱ्यांत लसूण किंवा रानलसूण आली कीं दुधाला तिचा वास येतो, हें गवळी आजहि जाणतात. लसणीचें सत्त्व देहांत भिनून दुधांत उतरतें, हें त्या वैद्यानें ओळखलें होतें.

मात्र जुन्या वैद्यांनीं लसणीची नुसती स्तुति केली असती, तर त्यांचें फारसें कौतुक करण्याचें कारण नव्हतें. त्यांचें खरें श्रेय त्यांनीं घातलेल्या मर्यादांत आहे. चरकाच्या गुल्मचिकित्सेंत लशुनक्षीर सांगितलें आहे. सोलून वाळविलेली लसूण चार पल घ्यावी, आठपट दूध-पाण्यांत शिजवावी व दूध उरलें म्हणजे प्यावें. येथें माप आहे, कृति आहे, आणि अमुक रोगासाठीं असा नेम आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयांत ऋतु नेमून दिला आहे. थंडींत सर्वसाधारणपणें, वसंतांत कफाधिक्य असलेल्यानें व पावसाळ्यांत वातपीडितानें लसूण सेवावी. पित्त आणि रक्त यांच्या विकारांत ती वर्ज्य सांगितली असून, प्रयोगाच्या अखेरीस पित्त खवळण्याच्या भयानें सौम्य रेचक द्यावें असेंहि म्हटलें आहे. भावमिश्र तर लसूण खाणाऱ्यानें व्यायाम, ऊन, क्रोध, अति पाणी, दूध व गूळ टाळावा असें बजावतो. चरकानें दुधांतच शिजविलेली लसूण दिली आणि भावमिश्रानें दूध वर्ज्य केलें, यावरून आपल्या वैद्यकांत मतभेदांस जागा होती हेंहि दिसून येतें. पण लसूण हें वाटेल त्यानें, वाटेल तेव्हां, वाटेल तितकें खाण्याचें द्रव्य आहे, असें एकानेंहि म्हटलेलें नाहीं.

पाश्चात्त्य देशांतहि हाच अनुभव. मिसरांतील तुतानखामेनच्या थडग्यांत, जें १९२२ मध्यें उघडण्यांत आलें, लसणीच्या कुड्या सांपडल्या. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या मुळे, कांदे व लसूण यांवर १६०० टॅलंट चांदी खर्च झाल्याचें हिरोडोटस सांगतो. आंकडा भरंवशाचा नसला तरी लोकसमजूत कळते. रोमन लेखक प्लिनी यानें लसणीचे ६१ उपाय मोजले; आणि त्याच प्रकरणांत ती अति खाल्ल्यानें पोट बिघडतें, वारा धरतो व तहान लागते असेंहि लिहून ठेवलें.

या गुणदोषांचें रासायनिक कारण कळावयास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें. १९४४ मध्यें अमेरिकेंत कॅव्हालिटो व बेली यांनीं लसणींतून जंतुनाशक द्रव्य वेगळें केलें व त्यास ‘ॲलिसिन’ हें नांव दिलें. पुढें स्वित्झर्लंडमध्यें स्टोल आणि सीबेक यांनीं दाखविलें कीं, अखंड पाकळींत हें द्रव्य नसतेंच. तेथें ‘ॲलिन’ हा गंधहीन पदार्थ असतो. पाकळी ठेंचली म्हणजे एक पाचकद्रव्य त्यास भेटतें आणि ॲलिसिन व तो सुपरिचित उग्र वास हीं दोन्ही उत्पन्न होतात. अखंड पाकळी शिजविली तर तें पाचकद्रव्यच निकामी होतें. औषध व दुर्गंध हीं एकाच प्रसूतीचीं जुळीं भावंडें आहेत, ही गोष्ट जुन्या कथाकारांस कळली असती तर त्यांस मोठें समाधान वाटलें असतें! परंतु हें ॲलिसिन अत्यंत अस्थिर असल्यामुळें त्याचें नेमकें औषध बनविणें साधलें नाहीं. आणि परीक्षानळींत जंतु मेले म्हणजे रोग्याच्या शरीरांतहि मरतील, असें मानतां येत नाहीं.

मग आजचें शास्त्र काय सांगतें? लसणीनें रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरतें अशी ख्याति होती. २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगांत १९२ प्रौढांस सहा महिने कच्ची लसूण, तयार गोळ्या अथवा निर्गुण गोळ्या देण्यांत आल्या. कोलेस्टेरॉलमध्यें लक्षांत घेण्याजोगा फरक कोणत्याहि गटांत पडला नाहीं. वाढलेला रक्तदाब थोडासा उतरतो असें अनेक लहान प्रयोगांवरून दिसतें, परंतु ठरलेल्या औषधाची जागा ती घेऊं शकेल इतका पुरावा नाहीं.

उलट, अपायांचा पुरावा बराच स्पष्ट आहे. छातींत जळजळ, मळमळ व मुखदुर्गंधि हे किरकोळ झाले. लसूण रक्तांतील बिंबिकांचें एकमेकींस चिकटणें कमी करते. त्यामुळें रक्त पातळ करणारीं औषधें घेणाऱ्यास आणि शस्त्रक्रियेस सामोरें जाणाऱ्यास ती धोक्याची आहे. १९९० मध्यें नोंदलेल्या एका प्रकरणांत रोज भरपूर लसूण खाणाऱ्या ८७ वर्षांच्या गृहस्थास मज्जारज्जूभोंवतीं आपोआप रक्तस्राव झाला. एड्सवरील सॅक्विनाविर या औषधाचें रक्तांतील प्रमाण लसणीच्या गोळ्यांनीं सुमारें निम्म्यानें घटल्याचें आढळून आलें आहे. ठेंचलेली कच्ची लसूण त्वचेवर बांधून ठेवल्यास भाजल्यासारखे फोड येतात, आणि यांत तान्ह्या मुलांस अधिक इजा होते. तेलांत बुडवून नुसती ठेवलेली लसूण तर प्राणघातक विषाचें माहेर होऊं शकते. १९८५ मध्यें कॅनडांतील व्हँकूव्हर येथें अशा लसणीमुळें तीसहून अधिक लोकांस बॉटुलिझमची बाधा झाली.

येथें एक विलक्षण मेळ नजरेस येतो. ‘रक्ताच्या विकारांत देऊं नये’ असें वाग्भटाचें म्हणणें आणि ‘रक्तस्रावाचा संभव असतां टाळावी’ हें आजच्या वैद्याचें म्हणणें, यांची परिभाषा एक नव्हे. वाग्भटास बिंबिका ठाऊक होत्या असा दावा करणें म्हणजे इतिहासाचा विपर्यास होय. पण दोघांचाहि स्वभाव एक आहे. जें द्रव्य गुण करतें तें दोषहि करील, ही जाणीव दोघांस आहे. जुन्या ग्रंथांचा हवाला देऊन उपाशीं पोटीं लसणीच्या पाकळ्या चघळावयास सांगणारे आजचे उपदेशक त्या ग्रंथांतील स्तुतीचे श्लोक तेवढे उचलतात आणि मात्रा, ऋतु व प्रकृति यांचे श्लोक गाळतात. परंपरेचा अभिमान धरावयाचा तर सबंध परंपरेचा धरावा. भाकरीबरोबर लसणीची चटणी खाणाऱ्यास कोणाच्या परवानगीची जरूर नाहीं. परंतु जो तिला औषध म्हणून हातीं घेतो, त्यानें तिच्याकडे औषधाच्याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे, आणि आपण दुसरें कोणतें औषध घेत आहों हें वैद्यास आधीं सांगितलें पाहिजे. महौषध हें नांव आपल्या पूर्वजांनीं तिला विचारपूर्वक दिलें होतें; तें घेतांना आपणहि तितकाच विचार करणें उचित होय.