संगमनेरी शेळी : वजन आणि काटकपणा यांच्या पारखीचा इतिहास

आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगू लागले म्हणजे नगरचा भुईकोट किल्ला, चांदबिबीचे शौर्य, चोंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना यांचा उल्लेख अवश्य होतो. परंतु अवर्षणाच्या सालांत ज्या प्राण्याने कित्येक घरांची चूल विझू दिली नाही, त्या शेळीविषयी कोणी चार ओळी लिहीत नाही. ती उणीव अल्पांशाने भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे व नाशिक या तीन जिल्ह्यांच्या टापूत पूर्वापार पोसली जाणारी जी शेळी, तिला संगमनेर गावावरून संगमनेरी हे नाव मिळाले. पांढरा, काळा, तपकिरी किंवा या रंगांचे मिश्रण, मध्यम बांधा, लोंबते कान आणि मागे वळलेली शिंगे ही तिची लक्षणे होत. ती दूधही देते आणि मांसासाठीही उपयोगी पडते. ही जात कोणा एका पंडिताने निर्माण केली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पशुपालकांनी जी शेळी दुष्काळात टिकली तिचेच करडू राखले; आणि निसर्गाने व गरजेने मिळून ही निवड केली.

१९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने राहुरी येथे या शेळीचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. प्रारंभी शास्त्रज्ञांचे लक्ष मांसाकडे नव्हे, तर केसांकडे होते, ही गोष्ट आज अनेकांस ठाऊक नसेल. अंगोरा जातीच्या बोकडांशी संगमनेरी शेळ्यांचा संकर करून मोहेर नावाचा मौल्यवान धागा मिळवावा, असा तो प्रयत्न होता. परंतु आमच्या लोकांस बाजारात विकावयाचा असतो तो बोकड, धागा नव्हे. पुढे अखिल भारतीय समन्वित शेळी सुधार प्रकल्पाखाली शुद्ध संगमनेरी जातीचीच निवड करून, शेतकऱ्यांच्या कळपांतील करडांची वजने नोंदवून, उत्तम बोकड पैदाशीसाठी देण्याचे काम होऊ लागले. १९९० नंतरच्या दशकात सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेने मूळची दक्षिण आफ्रिकेतील बोअर ही भरदार मांसल जात आपल्या भागात आणली, तेव्हापासून वजनाचा बोलबाला अधिकच वाढला.

वजन महत्त्वाचे खरेच. पण जे करडू जगतच नाही त्याचे वजन काय करावयाचे? पावसाळ्यात शेळ्यांचा मोठा शत्रू म्हणजे पोटातील जंत. त्यांत हिमोंकस नावाचा रक्त पिणारा गोलकृमी सर्वांत घातक. याची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती लेंडीवाटे कुरणात पडतात, ओलाव्यात अळ्या होतात आणि आखूड गवतावर चढून पुन्हा पोटात शिरतात. सुमारे तीन आठवड्यांत हे चक्र पुरे होते. मग शेळीच्या डोळ्यांची आतील कड पांढरी पडते, जबड्याखाली सूज येते आणि जनावर दगावते. शेळी ही स्वभावतः झाडपाला ओरबाडून खाणारी. बाभूळ-बोरीवर तोंड टाकणारीस जमिनीलगतच्या अळ्यांची बाधा कमी होते. रानझाडे तुटली, शेळी गवतावर आली, तसा जंतांचा प्रादुर्भाव वाढतो.

यावर औषध नाही काय? आहे, परंतु तेही अक्षय नव्हे. १९६१ साली थायाबेंडाझोल हे प्रभावी औषध निघाले आणि अवघ्या तीन वर्षांत त्यास दाद न देणारे जंत अमेरिकेत आढळले. पुढील औषधांचीही तीच गत झाली. सबब शास्त्रज्ञ मूळ प्रश्नाकडे वळले : काही जनावरे उपजतच जंतांस तोंड देतात, ती ओळखता येतील काय? लेंडीतील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची पद्धत १९३९ पासून उपलब्ध होतीच. फलटणच्या संस्थेने ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या साहाय्याने दख्खनी व बन्नूर मेंढ्यांचा बंगालच्या सुंदरबनातील गारोळ मेंढ्यांशी संकर करून कोकरांची वाढ आणि अंडी दोन्ही मोजली. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मोठा बोधप्रद आहे : गारोळचे रक्त असलेली कोकरे जंतांस अधिक दाद देत नसत, परंतु अंगाने लहान राहत. तो प्रयोग मेंढ्यांवरचा असला तरी जंत तोच आहे, आणि धडाही तोच. एका हाताने मिळते ते दुसऱ्या हाताने जाऊ नये, यासाठी दोन्ही गुण एकत्र तोलावे लागतात.

हा धडा आपल्या कुटुंबांनी व्यवहारात आणावा. पैदाशीचा बोकड केवळ भरदार शरीर पाहून निवडू नये. त्याची आई किती वेळा औषधावाचून निभावली, हेही विचारावे. जन्माचे व तीन महिन्यांचे वजन साध्या वहीत लिहावे. पावसाळ्यात दर पंधरवड्यास डोळ्यांची कड पाहावी, फिकट दिसेल त्यासच पशुवैद्यांच्या सल्ल्याने औषध पाजावे. जी शेळी वारंवार आजारी पडते, तिची पाट पैदाशीस ठेवू नये. कळपातील बहुतेक अंडी थोड्याच जनावरांकडून पडतात, हे ध्यानी ठेवले म्हणजे या काटछाटीचे मोल कळेल.

आपल्या पूर्वजांपाशी सूक्ष्मदर्शक नव्हता, वहीही नव्हती. तरी त्यांनी टिकाऊ जात आपल्या हाती दिली. आपणांपाशी दोन्ही साधने आहेत. केवळ वजनाच्या मोहाने तो ठेवा आपल्याच पिढीत गमावला जाऊ नये, इतकी दक्षता आपण घेतलीच पाहिजे.