शेअरसट्टा, मुंबईचा (१८६१–६५)

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत आलेला कापसाचा पैसा आणि त्यातून उसळलेला सट्टा. १८६१ मध्ये युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांनी मुंबईकडे मोर्चा वळवला. येथे बंदरावर उतरणाऱ्या कापसाचा भाव कैक पटींनी चढला. गाद्या-उशा उसवून लोकांनी आतला कापूस विकल्याचे सांगतात. नशीब उघडले होते खरे, पण हजारो मैलांवरच्या रणांगणावर.

हाती आलेला पैसा गुंतवायला बँका, वित्तकंपन्या आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या धडाधड निघाल्या. त्यांत बॅकबे कंपनी सर्वांत गाजली. तिचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला, तेव्हा तिची बरीचशी जमीन अजून पाण्याखाली होती. पुष्कळसे सौदे वायद्याचे असत : आज बोली, पैसे १ जुलै १८६५ ला. सट्ट्याचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांचा बँक ऑफ बॉम्बेत शब्द चाले. बँक शेअर तारण ठेवून कर्ज देई आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात. युद्ध हा दैवाचा भाग म्हणता येईल. ही व्यवस्था दैवाने केलेली नव्हती.

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. बातमी पोहोचताच कापूस कोसळला, पाठोपाठ शेअर. १ जुलैला भल्याभल्या पेढ्यांनी हात वर केले. मुंबईतील नामवंत वैद्य डॉ. भाऊ दाजी लाड यांनाही या सट्ट्यात मोठा फटका बसला. बॅकबे कंपनी गुंडाळावी लागली, पुढे बँकही बुडाली. प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय व मनोऱ्यासाठी दिलेले चार लाख रुपये मात्र वाचले, कारण बाजार बसण्याआधीच त्यांनी ते देऊन टाकले होते. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला.

या सट्ट्याच्या हकिगतींत शेतकरी फारसा दिसत नाही. तेजीत दख्खनच्या सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. भाव उतरले तरी व्याज थांबले नाही, शेतसारा तर वाढलाच. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमावाने सावकारांची दुकाने लुटली आणि कर्जाच्या वह्या जाळल्या.