नाद कुणाचा? मिरजेच्या तानपुऱ्यांची तुलना करताना झालेली एक चूक

माझ्या सिनॉप्सिसमधलं पहिलं उद्दिष्ट असं होतं : ‘मिरजेतील वेगवेगळ्या सतारमेकर घरांनी बनवलेल्या तानपुऱ्यांच्या नादाची तुलना करणे.’ वाक्य मला फार आवडलं होतं. समितीसमोर वाचून दाखवलं तेव्हा मार्गदर्शक मॅडमनी एकच विचारलं, “तुलना नक्की कशाची?” मी म्हटलं, “नादाची.” त्या म्हणाल्या, “नाद कुणाचा?” तेव्हा वाटलं, मॅडम शब्दात पकडतायत. नंतर कळलं की माझ्या प्रबंधाचा प्रश्न त्यांनी तिथंच सांगून टाकला होता, मला तो ऐकू आला नव्हता.

तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन विषय ठरवण्याच्या टप्प्यावर आहात, म्हणून ही चूक सविस्तर सांगते.

मी हिंगोली जिल्ह्यातली. आमच्याकडे तंतुवाद्य म्हटलं की आधी आठवते ती सप्त्यातली वीणा. नामदेवांचं नर्सी याच जिल्ह्यात, त्यामुळं गावोगावी सप्ते होतातच. सप्ता सुरू झाला की वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. एकाचा पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. लहानपणी मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ओळखायचे, आता वीणा कुणाकडे आहे. वाद्य तेच, तारा त्याच, पण छेडणारं बोट बदललं की आवाज बदलायचा. हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं, आणि सिनॉप्सिस लिहिताना मी ते साफ विसरले.

मिरजेची गोष्ट, थोडक्यात

मिरजेत तंतुवाद्यं घडवायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, असं तिथली परंपरा सांगते. फरीदसाहेब हे त्यातलं आदराचं नाव. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई करणारी. इंग्रजी अंमल पक्का झाल्यावर हत्यारांचं काम आटलं आणि हात वाद्यांकडे वळले. ‘सतारमेकर’ हे आडनावच बघा. अर्धं आपलं, अर्धं इंग्रजी. धंदा कोणत्या काळात नावारूपाला आला याची खूण त्या शब्दातच आहे.

गावात कारागीर असून भागत नाही, गिऱ्हाईक लागतं. मिरज पटवर्धनांचं संस्थान होतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथं राहिले, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे तिथंच शिकले. पुढं अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली ते गेले, त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं. गाणारे आणि घडवणारे एकाच गावात, हाकेच्या अंतरावर. वाद्य बिघडलं तर गवई स्वतः दुकानात येऊन बसणार, ‘अजून थोडं उघडा’ म्हणणार. खाँसाहेबांना तर वाद्यांच्या दुरुस्तीत स्वतःलाच गती होती, असं त्यांच्याविषयी सांगितलं जातं.

मालही एका गावचा नाही. भोपळे येतात मंगळवेढा-पंढरपूर भागातून, लाकूड कर्नाटकातल्या जंगलांतून. म्हणजे दुकानावर पाटी एका घराची असली, तरी वाद्यात शेतकऱ्यापासून गवयापर्यंत किती जण आहेत ते मोजा.

ती दुपार

पहिल्या फील्डवर्कला मी दोन तानपुरे शेजारी ठेवून ऐकले. दोन वेगळ्या घरांचे. वहीत लिहिलं : ‘अ – नाद गोल, दबलेला. ब – नाद खुला, झळाळणारा.’ खाली ओळ मारून निष्कर्षही लिहिला की ‘ब’ घराची शैली खुल्या नादाची आहे. स्वतःवर फार खूश होते.

दुकानातले वयस्कर कारागीर माझ्याकडे बघत होते. त्यांनी वही मागितली नाही, काही विचारलंही नाही. ‘अ’ तानपुरा पुढ्यात ओढला, घोडीवर तारेखाली जो दोरा असतो तो बोटाने किंचित सरकवला, चारही तारांचं तसंच केलं आणि म्हणाले, “आता ऐक बेटा.” ‘अ’ झळाळत होता. मग ‘ब’चे दोरे सरकवले. तो गोल झाला. माझा निष्कर्ष दोन मिनिटांत उलटा.

मी विचारलं, “चाचा, मग ‘ब’ची जवारी आधी इतकी खुली कुणी ठेवली होती?” ते हसले. “ती मीच काढली होती, मागच्या वर्षी. तानपुरा त्यांचा, जवारी माझी.”

म्हणजे ज्या नादाला मी ‘ब’ घराची शैली म्हणत होते, तो नाद मुळात समोर बसलेल्या, दुसऱ्याच घरातल्या माणसाच्या हातचा होता.

जवारी म्हणजे काय

ज्यांनी तानपुरा जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी. तारा जिच्यावरून जातात ती घोडी. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक बाक असतो. तार छेडली की ती त्या बाकाला घासत, स्पर्श करत थरथरते, आणि त्यातून वरच्या उपस्वरांची ती गुंजन करणारी झळाळी निघते. हा बाक कानसीने घासून जमवणं म्हणजे जवारी काढणं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला दोरा स्पर्श नेमका कुठं आणि किती व्हावा हे ठरवतो. वाजवून वाजवून घोडीवर तारेचे चरे पडतात, नाद मरतो, मग जवारी पुन्हा काढावी लागते. तानपुऱ्याच्या एका आयुष्यात हे अनेकदा होतं, आणि दर वेळी त्याच हातून होतं असं नाही.

यातलं शास्त्र सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये मांडलं. पाश्चात्त्य सिद्धान्तानुसार तारेचा जो बिंदू छेडला, तिथं ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर ऐकू यायला नको. तानपुरा आणि वीणेच्या बाबतीत मात्र तो जोरकस ऐकू येतो, आणि याचं कारण घोडीची रचना आहे, हे त्यांनी दाखवलं. आपल्यासाठी महत्त्वाचं हे की तानपुऱ्याच्या नादाचा मोठा हिस्सा ज्या जागी ठरतो, तीच जागा सगळ्यात जास्त वेळा बदलली जाते.

इतिहासाची अडचण

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, मग दोरा सारखा ठेवा, तारा सारख्या लावा आणि मोजा. आजच्या दोन तानपुऱ्यांचं ते जमेल. मला मात्र शंभर वर्षांची तुलना करायची होती, आणि तिथं तीन भिंती आडव्या आल्या.

पहिली, घोडी. जुन्या चांगल्या तानपुऱ्यांना हस्तिदंती घोडी असायची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि पुढच्या काळात हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. आज १९३० सालचा तानपुरा ऐकताना त्याची घोडी बदललेली असेल, तर मी १९३० ऐकतेय की परवाची दुरुस्ती?

दुसरी, ध्वनिमुद्रणं. विजेचा मायक्रोफोन आला तो १९२५च्या सुमारास. त्याआधीच्या तबकड्या भोंग्यात तोंड घालून गायलेल्या. गाणाऱ्याचा आवाज त्यात येतो, मागचा तानपुरा जेमतेम. त्या तबकड्यांवरून गायकी अभ्यासता येते, पण तानपुऱ्याच्या कारागिरीबद्दल काही ठरवता येत नाही. साधन अस्सल आहे म्हणून ते आपल्या प्रश्नाचं उत्तर देईलच असं नसतं.

तिसरी, त्या काळचं मोजमाप. सांगलीकडचेच कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. त्या कामात क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश होते, अब्दुल करीम खाँसाहेबांचाही सहभाग होता. मिरजेच्या इतक्या जवळ, इतकं बारीक काम, मला वाटलं घबाडच सापडलं. पण त्यांनी मोजली ती स्वरांची स्थानं. कुठल्या कारागिराचं वाद्य कसं वाजतं, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच्या साधनात आपला प्रश्न कोंबायचा मोह आवरावा लागतो. मला तो आवरायला दोन महिने लागले.

बाहेर काय झालंय

हा गोंधळ एकट्या आपला नाही. आधुनिक क्लासिकल गिटारचा साचा ज्याच्या हातून पक्का झाला तो स्पेनचा अंतोनियो दे तोरेस. त्याने १८६२ मध्ये एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. वरची तबली मात्र लाकडाची. गिटारचा आवाज मुख्यतः तबलीतून येतो, हे त्याला दाखवायचं होतं. एक गोष्ट कायम ठेवून दुसरी बदलायची, हे त्याने प्रयोगशाळेशिवाय केलं.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच कारागिराकडून सहा गिटार करून घेतल्या होत्या, फरक फक्त पाठ आणि बाजूच्या लाकडाचा. ५२ वादकांनी अंधाऱ्या खोलीत त्या वाजवल्या. महागड्या लाकडाला जास्त गुण मिळाले असं काही दिसलं नाही. त्याआधी २०१० मध्ये इंडियानापोलिसला क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना सहा व्हायोलिनं गॉगल घालून वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुन्या इटालियन उस्तादांची. सगळ्यात आवडलेलं व्हायोलिन नवं निघालं, सगळ्यात नावडतं स्ट्रॅडिव्हरी.

यावरून ‘कारागिरात फरकच नसतो’ असं लिहून मोकळं होऊ नका. मीही ती घाई केली होती. फरक असतो, वादकांना तो जाणवतो, त्यांच्या आवडीनिवडीही ठाम असतात. तो फरक आणि लेबलावरचं नाव यांची सांगड मात्र आपण समजतो तितकी सरळ नाही. नाव दिसलं की कान नावाकडे झुकतो.

बदललेला प्रश्न

आता माझं उद्दिष्ट असं आहे : मिरजेच्या तानपुऱ्याच्या नादाचं श्रेय कुणाला, कधी आणि कशाच्या आधारे दिलं गेलं? कुणाचा तानपुरा चांगला, हे मी ठरवत नाही. लोक ते कसं ठरवत आले, हे शोधते. आता लेबलं, जुन्या वह्या, गवयांच्या आठवणी, संग्रहालयातल्या नोंदी, सगळी साधनं कामाला येतात, कारण आता मी त्यांना त्यांचाच प्रश्न विचारतेय.

हा नुसता शब्दांचा फेरफार नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन गावाच्या नावाला मिळतं. दुकानातलं लेबल घराचं असतं. आणि जवारी काढणारा पुष्कळदा तिसराच असतो, त्याचं नाव कुठंच नसतं. नादाचा इतिहास लिहिताना मी लेबलावर विसंबले असते, तर चाचांसारखी माणसं माझ्या प्रबंधातूनही गळाली असती, आणि पुढं माझाच प्रबंध कुणीतरी पुरावा म्हणून वापरला असता. संशोधनातली चूक वहीत राहत नाही, ती कुणाच्या तरी श्रेयातून वजा होते.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा ‘तुलना’ हा शब्द आला की थांबा. एका कागदावर लिहा : दोन्हींत सारखं काय ठेवलंय, वेगळं काय आहे, आणि मी ऐकण्याआधी या वस्तूला आणखी कुणाकुणाचे हात लागलेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात सहसा नसतं, त्यासाठी दुकानात जाऊन बसावं लागतं.

आणि फील्डवर्कची पहिली वही फाडू नका. माझ्या वहीत ‘ब घराची शैली खुल्या नादाची’ ही ओळ अजून आहे. तिच्यावर काट मारलीय आणि शेजारी तारीख घालून लिहिलंय, ‘जवारी चाचांची.’ प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतंय.