बोल आणि अंक

अहिल्यानगर जिल्ह्यांतील नेवाशापासून पंढरीपर्यंत वारकरी भजनाचा आधार मृदंग, म्हणजेच पखवाज होय. त्याच्या डाव्या पुडीस कणीक लावितात. तबल्याच्या डग्यावर मात्र कायमची शाई असते. म्हणून पखवाजाचे बोल तबल्यावर आले तेव्हां अक्षर तेंच राहिलें, हात बदलला. आणि हा बदल गुरूनें शिष्यास शिकविला. १९८३ सालीं आलेल्या मिडी-पद्धतीनें यंत्रवाद्यांतील आघातांस अक्षरांऐवजीं अंक दिले. १९९१ च्या ‘जनरल मिडी’ संकेतानें ३५ ते ८१ हे अंक ४७ तालध्वनींस वांटून दिले. त्यांत बोंगो-कोंगा आहेत, मृदंग-तबला नाहींत. आमच्या ‘धा’स परक्या अंकावर बिऱ्हाड करावें लागतें, आणि तो संकेत पाळणारा दुसरा वाद्यसंच जोडतांच तो बोंगो होऊन वाजतो. अंकामागें शिकविणारा गुरु नसतो. यास्तव अंकांसह बोलांचें कोष्टकही जपावें, असें आम्हांस वाटतें.