तारुण्याचा अर्क

१ जून १८८९ रोजीं पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढें ब्राउन-सेकार हे विख्यात शरीरशास्त्रज्ञ व्याख्यानास उभे राहिले. वय ७२ वर्षांचें. कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा पाण्यांत काढलेला अर्क आपण स्वतःस टोंचून घेतला व गेलेली शक्ति परत मिळविली, असें त्यांनीं सांगितलें. ययातीनें पुत्रापाशीं मागितलेलें तारुण्य आतां सुईच्या टोंकावर आलें! ही वार्ता पसरतांच असे अर्क विकणाऱ्यांचा सुकाळ झाला.

आज आम्हांस याचें हंसूं येतें; पण तो शास्त्रज्ञ लबाड नव्हता. १८४९ मध्यें गटिंगेन येथें बेर्टोल्ड यांनीं कोंबड्यांचे वृषण काढून ते पुन्हा त्यांच्या पोटांत रोंवले, तेव्हां त्यांचा तुरा, आरवणें व झुंजारपणा कायम राहिला होता. हा अवयव रक्तावाटे कार्य करतो, ही कल्पना खरीच होती. परंतु त्यांतील द्रव्य पाण्यांत फारसें विरघळत नाहीं. अर्कांत तें नांवापुरतेंच उतरलें असावें. वृद्धाच्या अंगीं आलेला जोम श्रद्धेचा होता.

तें द्रव्य हातीं येण्यास १९३५ साल उजाडलें. आम्स्टरडॅम येथें लाकर व त्यांचे सहकारी यांनीं बैलांच्या वृषणांतून तें शुद्ध स्वरूपांत काढलें व त्यास टेस्टोस्टेरॉन हें नांव दिलें. त्याच वर्षीं बुटेनांट व रुझिका यांनीं तें प्रयोगशाळेंत बनविलें; १९३९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक या दोघांत विभागलें गेलें. जन्मतः वा रोगामुळें ज्यांचीं वृषणें हें द्रव्य पुरेसें निर्माण करीत नाहींत, त्यांस हें औषध खरोखर वरदान ठरलें.

पण औषध सांपडलें तरी ययाति संपला नाहीं. वयाबरोबर हें द्रव्य हळूहळू घटतें. तेवढ्यानें तो रोग होत नाहीं. थकवा तर अपुऱ्या झोंपेनें, स्थूलपणानें वा चिंतेनेंहि येतो. म्हणूनच जाणते डॉक्टर लक्षणें पाहून, सकाळचें रक्त एकाहून अधिक वेळां तपासल्यावांचून हें औषध देत नाहींत. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, पांच हजारांवर पुरुषांवरील प्रयोगांत हृदयविकाराचे झटके त्यानें वाढले नाहींत; मात्र हृदयाची अनियमित गति व फुप्फुसांतील रक्ताच्या गुठळ्या कांहींशा अधिक आढळल्या. शिवाय बाहेरून हें द्रव्य मिळूं लागलें कीं शरीर शुक्रजंतूंची निर्मिति आवरतें घेतें. तरुणपणीं उगाच घेणारास अपत्यप्राप्तीच दुरावूं शकते.

ययातीनें अखेर तारुण्य पूरूस परत केलें. जाहिरात वाचून धांवणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींस एवढी गोष्ट सांगितली तरी पुष्कळ झालें.