पनवेलला उतरलेली फौज

वडगावचा तह आपण सगळ्यांनीच दोन मार्कांसाठी पाठ केला होता. त्याची सुरुवात आपल्या पनवेलपासून झाली होती. राघोबादादांच्या हाती पुण्याचा कारभार द्यायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज नोव्हेंबर १७७८ मध्ये इथे उतरली. सुमारे ३,९०० माणसं आणि १९,००० बैल!

सेनापतीचं ठाणं म्हटलं की एखादा वाडा डोळ्यांसमोर येतो. हे ठाणं मात्र तंबूत होतं, फौजेबरोबर सरकणारं. शिवाय कारभारी तिघे: कर्नल एगर्टन, कारनॅक आणि मॉस्टिन. मॉस्टिन आजारी पडून परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारला. कार्ल्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणजे कॅप्टन स्टुअर्ट पडला. एगर्टननेही आजारपणामुळे सूत्रं कॉकबर्नकडे दिली. इकडे महादजी शिंदे आणि नाना फडणवीसांनी रसद तोडली. ९ तारखेला फौज तळेगावला पोचली. पुणे अवघं अठरा मैलांवर असताना दोनच दिवसांत ती मागे फिरली आणि १६ तारखेला वडगावला तह झाला.

रखडलेले प्रोजेक्ट तपासणं हे माझं रोजचं काम. तिथेही बहुतेकदा हेच सापडतं: माणसं भरपूर, पण शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलेलंच नसतं. बोरघाट चढताना मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.