परभणी क्रांती : एका भेंडीची साठ वर्षे

भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या की परभणीकडचा शेतकरी ओळखतो, केवडा आला. काही दिवसांत सगळे पान पिवळे होते, झाड खुरटते आणि फळेही फिकट, राठ निघतात. अशी भेंडी बाजारात कोणी हातात घेत नाही.

मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद कुलकर्णी यांनी १९२४ साली केली. तो विषाणूमुळे होतो हे उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी १९४० साली दाखवले. हा विषाणू पांढरी माशी पसरवते हे १९५०च्या सुमारास समजले. बियाण्यातून तो येत नाही. म्हणजे बी कितीही निवडून पेरले तरी शेजारच्या शेतातली माशी रोग आणणारच. माशीवर फवारणी करावी, तर भेंडी दर दोन-तीन दिवसांनी तोडायची. औषधाचा अंश थेट ताटात येण्याची भीती. मग रोगाला दाद न देणारे झाडच का शोधू नये?

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सावनी’ हे वाण काढले होते. आरंभी ते रोगापुढे टिकले, पण हळूहळू तेही बळी पडू लागले. या टप्प्यावर परभणीचे नाव येते. निजामाच्या राजवटीत १९१८ साली येथे प्रायोगिक शेती सुरू झाली, १९५६ साली कृषी महाविद्यालय निघाले आणि १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. (२०१३पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे.) येथील जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी भेंडीच्या कुळातली ‘अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट’ ही जात निवडली. तिच्यात रोगप्रतिकार होता. पण तिचा भेंडीशी संकर केला की येणाऱ्या रोपांना नीट बी धरत नाही. म्हणून त्या रोपांचा पुन्हा पुसा सावनीशी संकर करून पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागली. हा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकामुळे येतो, असे त्यांनी १९८१ साली मांडले. १९८६ साली ‘परभणी क्रांती’ची माहिती अमेरिकेतील ‘हॉर्टसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

पहिल्या नोंदीपासून येथवर बासष्ट वर्षे गेली! तेवढ्यात राज्ये बदलली, सरकारे बदलली. १९२४ सालच्या नोंदीचा ‘उपयोग काय’ असे त्याच वर्षी कोणी विचारले असते, तर उत्तर देता आले नसते. संशोधनाला पैसा द्यायचा की नाही हे पाच वर्षांच्या हिशेबावर ठरवणाऱ्यांनी ही तारीखवार हकीकत जरूर वाचावी.

गोष्ट येथे संपत नाही. पुढे अनेक ठिकाणी परभणी क्रांतीवरही केवडा दिसू लागला. विषाणू बदलत असतो. एका जनुकाचे कुलूप त्याला कधी ना कधी उघडता येते. याला विज्ञानाचे अपयश म्हणता येणार नाही. विहिरीतला गाळ जसा पुन:पुन्हा काढावा लागतो, तसेच हे काम आहे. त्यासाठी रानटी जातींचे जतन हवे, रोगाच्या नियमित नोंदी हव्यात आणि प्रयोगशाळेत माणसे हवीत. यांतले काहीही बाजार आपण होऊन पुरवील असे नाही. ते लोकांनी मागावे लागते.

पण लोक मागणार कसे? येथे आम्हा संशोधकांचाही दोष आहे. आम्ही निबंध इंग्रजीत लिहितो. जिंतूरच्या बाजारात भेंडी विकणाऱ्या बाईंना पिशवीवरचे वाणाचे नाव तेवढे कळते, त्यामागची साठ वर्षे कळत नाहीत. ही दरी शिक्षकच बुजवू शकतात. शाळेच्या आवारात भेंडीच्या दोन वाणांच्या दोन ओळी लावाव्यात. दर आठवड्याला पिवळी पडलेली झाडे मुलांनी मोजावीत, आलेख काढावा आणि तो ग्रामसभेत मांडावा. पेरणी, फवारणी, पाणी यांविषयी गावाचे निर्णय अशा मोजलेल्या आकड्यांवर होऊ लागले, तर पुढच्या संशोधनासाठी आवाज उठवणारी माणसेही त्याच गावातून निघतील.